मिशीवाल्या सासूबाई

माझ्या सासऱ्यांना आमच्या सोसायटीतल्या सुना 'सासूबाई' म्हणत. तोंडावर नाही, पण जिन्यात, वाळत घातलेल्या चादरींच्या आडून, आणि त्यांना नेमकं ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. अप्पांना भरघोस पांढऱ्या मिशा होत्या, आवाज कारखान्यातला होता, आणि गरोदर बाईने काय खावं, काय टाळावं, कसं बसावं, कसं उठावं याबद्दलची त्यांची मतं चार सासवांना पुरून उरतील एवढी होती. लग्नाआधी प्रशांतने मला सांगून ठेवलं होतं की घरात आई नाही, पण सासू आहे. मला वाटलं, थट्टा करतोय.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात अप्पा सुपरवायझर होते. पत्र्याला ठोकून आकार देणाऱ्या प्रेस मशीनवर माणसांची बोटं शाबूत ठेवणं हे त्यांचं काम. ते निवृत्त झाले आणि वर्षभरात माझ्या खऱ्या सासूबाई गेल्या. सोसायटीतल्या पोटुश्या बायकांना चार गोष्टी सांगायचं काम तोवर त्या करत असत. त्या गेल्यावर अप्पांनी तो चार्ज घेतला. कोणी दिला नव्हता, त्यांनी घेतला. "आमची ही सांगायची" अशी सुरुवात करून ते जे काही सांगत, त्यातलं निम्मं तिचं असे आणि निम्मं कारखान्यातलं. नवव्या महिन्यात दुधात तूप घालून प्यावं, म्हणजे बाळंतपण सुलभ होतं, हे तिचं. "ग्रीसिंग केल्याशिवाय कुठलं मशीन नीट चालतं?" हे त्यांचं.

आम्ही बौद्ध. ग्रहण, दृष्ट, काळा दोरा यांना अप्पांकडे थारा नव्हता. एकदा ग्रहणाच्या दिवशी तळमजल्यावरच्या घरात सुनेला पडदे ओढून खोलीत बसवून ठेवलं होतं, पाणीसुद्धा प्यायचं नाही म्हणून. अप्पांनी दार वाजवलं आणि तिच्या सासूला म्हणाले, "वहिनी, सूर्य कुठे, ही पोरगी कुठे. भुकेली असेल ती, तिला आधी जेवायला वाढा." ती बाई जरा वरमली. तेवढ्यात अप्पा मागे वळून म्हणाले, "पण पपई नको हां." सूर्याचा आणि पोटातल्या पोराचा काही संबंध नाही, पपईचा आणि पोटाचा आहे, हे त्यांचं शास्त्र. पपई, अननस, तीळ, चिंबोऱ्या म्हणजे खेकडे, ही सगळी उष्ण मंडळी, पहिल्या महिन्यांत घरात येता कामा नयेत. नारळ खाल्ला की मूल गोरं होतं, असं कोणी म्हणालं की मात्र ते चिडत. "आमच्या सात पिढ्यांत कोणी गोरं झालं नाही. कुणाचं काही अडलं?"

दुसऱ्या मजल्यावरच्या स्नेहाची गोष्ट सगळे अजून सांगतात. तिला पाचवा महिना होता आणि ती गॅलरीत दोन्ही हात वर करून कपडे वाळत घालत होती. हात वर केले की नाळ बाळाच्या गळ्याभोवती गुंडाळते, ही माझ्या खऱ्या सासूबाईंची शिकवण. अप्पा खालून ओरडले, "ए पोरी, हात खाली." ती म्हणाली, "मग कपडे कोण घालणार, अप्पा?" अप्पा जिना चढून वर गेले, तिच्या हातातली बादली घेतली आणि भर सकाळी, सगळी सोसायटी बघत असताना, तिचे गाउन आणि नवऱ्याच्या बनियनी चिमटे लावून ओळीने वाळत घातल्या. दुसऱ्या दिवशीही गेले. तिसऱ्या दिवशी स्नेहाचा नवरा लाजेकाजेस्तव स्वतःच बादली घेऊन गॅलरीत आला. अप्पांच्या नियमांनी कोणाच्या नाळेचं काय झालं ते मला माहीत नाही. पण सोसायटीतल्या बऱ्याच नवऱ्यांना कामं लागली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी कल्याणची. माझ्या माहेरी यातलं काहीच नव्हतं. माझी आई शाळेत शिक्षिका, ती बाळंतपणाच्या आदल्या आठवड्यापर्यंत फळ्यावर हात वर करून लिहीत होती. त्यामुळे अप्पांचं हे सारं मी करमणूक म्हणून बघत असे. मला त्यांचा लळा होता. रविवारचा स्वयंपाक ते करत, आणि मटण किंवा मासे शिजत असताना कोणाला झाकणही उघडू देत नसत. फक्त त्यांचं एक वाक्य मला पटत नसे. कारखान्यात कोणाचं बोट गेलं, रस्त्यावर कोणी घसरलं, कुकरची शिट्टी उडाली, काहीही झालं तरी ते म्हणत, "आपोआप काही होत नसतं. कोणीतरी काहीतरी केलेलं असतं."

लग्नानंतर दोन वर्षांनी मला दिवस राहिले तेव्हा आम्ही अप्पांना सांगितलं नाही. तीन महिने होईपर्यंत कानोकान खबर लागू द्यायची नाही, हा नियम त्यांचाच होता. खरं कारण वेगळं होतं. मला त्यांच्या ताब्यात जायचं नव्हतं. माझं ऑफिस घोडबंदर रोडला; रोज रिक्षाने, खड्ड्यांतून जायचं, अकराव्या मजल्यावर दिवसभर एका जागी बसायचं. अप्पांना कळलं असतं तर रिक्षात कुठल्या बाजूला बसायचं इथपासून सुरुवात झाली असती. प्रशांत हसत म्हणाला, "नियम त्यांचाच आहे, आपण फक्त पाळतोय." आम्हाला ती आमची हुशारी वाटली.

त्याच दिवसांत मला सर्दी झाली. नाक गच्च, डोकं जड, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी घ्यायची नाही म्हणून मी ती तशीच अंगावर काढत होते. अप्पा दोन दिवस माझं शिंकणं ऐकत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळीच पिशवी घेऊन बाजारात गेले आणि मांसल, भरलेल्या चिंबोऱ्या घेऊन आले. सर्दीवर चिंबोरीच्या रश्शासारखं औषध नाही, हेही "आमची ही सांगायची" मधलंच. नांग्या कुटून, गाळून, मिरी-लसूण सढळ हाताने घालून त्यांनी पातळ रस्सा केला. माझ्यापुढे वाटी ठेवताना म्हणाले, "गरम आहे तोवर पी, रेश्मा. संध्याकाळपर्यंत नाक मोकळं होतं की नाही बघ."

नको म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. शिवाय मी असलं काही मानत नव्हते, आणि वास फार सुरेख येत होता. मी दोन वाट्या प्यायले. संध्याकाळी नाक खरंच मोकळं झालं. अप्पा दिवसभर खुशीत होते.

पुढच्याच आठवड्यात ऑफिसमध्ये असताना मला त्रास सुरू झाला. प्रशांत येईपर्यंत आणि आम्ही दवाखान्यात पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. आमच्या डॉक्टर मध्यम वयाच्या, कमी बोलणाऱ्या. मी काही विचारायच्या आतच त्या म्हणाल्या, "तुम्ही काही केलेलं नाही. आणि तुम्ही काहीही केलं असतं तरी हे थांबलं नसतं. पुष्कळदा गर्भच मुळात नीट धरलेला नसतो." मला ते पटलं. दुःख झालंच, फार झालं, पण त्या वाक्याला धरून मला उभं राहता आलं.

घरी अप्पा कोथिंबीर निवडत बसले होते. प्रशांतने त्यांना सांगितलं. पोटात होतं हे, आणि आता नाही हे, दोन्ही एकाच दमात. अप्पांनी हातातली काडी ताटात ठेवली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "किती दिवस झालेले?"

"दोन महिने होत आलेले," मी म्हणाले.

ते मनात मागे मोजत गेले. मोजणी कुठे येऊन थांबली ते मला त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. मी म्हणाले, "अप्पा, त्याचा काही संबंध नाही." त्यांनी मान हलवली, उठले आणि मला झोपायला सांगून गॅलरीत जाऊन उभे राहिले.

दोन दिवसांनी डोंबिवलीहून आत्या आल्या. अप्पांची ही धाकटी बहीण मनाने वाईट नाही. माझ्यासाठी त्यांनी मऊ भात करून आणला होता. माझ्या उशाशी बसून, पाठीवरून हात फिरवत त्यांनी जे विचारलं ते अशा वेळी सगळ्याच बायका विचारतात. "काय खाल्लेलंस गं? कुठे चढली-बिढली होतीस का? आठव बघ जरा." आठव बघ म्हटल्यावर माणूस खरंच आठवायला लागतो.

अप्पा स्वयंपाकघराच्या दारात आले. "तिला काय विचारतेस? मी खायला घातल्या. चिंबोऱ्या. मीच आणल्या, मीच केल्या."

आत्या गडबडल्या. "अरे पण दादा, तुला ठाऊक होतं का?"

"ठाऊक नव्हतं म्हणून काय झालं? प्रेस चालू आहे हे ठाऊक नव्हतं म्हणून बोट तुटायचं राहतं का?"

आत्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. सोसायटीतल्या बायका भेटायला आल्या, त्यांच्यापुढेही अप्पांनी हेच सांगितलं, त्याच आवाजात, जणू चौकशी समितीपुढे जबानी देत होते. मला कोणी एका शब्दाने दोष दिला नाही. द्यायला जागाच राहिली नव्हती, ती सगळी अप्पांनी व्यापली होती.

त्यानंतर ते बदलले. रविवारचा स्वयंपाक त्यांनी सोडला. कोणी सून सल्ला विचारायला आली की म्हणत, "डॉक्टरला विचार बाई. आम्हाला काय कळतं." जिन्यातून सासूबाई म्हणून हाक आली तरी मिशीत हसणं नाही. चहा ते पूर्वीसारखाच करत, पण कप माझ्या हातात देत नसत. टेबलाच्या कडेला ठेवून निघून जात. आधी माझ्या लक्षात आलं नाही. लक्षात आल्यावर मी एकदा मुद्दाम हात पुढे केला. त्यांनी कप टेबलावरच ठेवला.

मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी अप्पांना सगळं समजावून सांगितलं, कागदावर चित्र काढून. अप्पांनी नीट ऐकलं, नमस्कार केला. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "बाई चांगल्या आहेत. धीर द्यायला असंच सांगायचं असतं. मीपण सांगायचो, बोट गेलेल्याच्या बायकोला. त्याची काही चूक नव्हती, मशीनच तसं होतं म्हणून."

पुढच्या वर्षी मला पुन्हा दिवस राहिले. ते कळलं त्या दिवशी प्रशांत ऑफिसला होता. मी त्याला फोन करायच्या आधी अप्पांना सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि आतून बॅग काढली. म्हणाले, "मी डोंबिवलीला जातो. सगळं पार पडलं की येतो." मी बॅगेवर बसले. खरोखरच बसले. म्हटलं, "तुम्ही गेलात तर मला नियम कोण सांगणार?" ते म्हणाले, "बॅगेवरून उठ आधी. असं बसायचं नाही."

आणि मी सगळं पाळलं. पपईच्या गाडीकडे बघितलं नाही. हात वर केले नाहीत, उंबऱ्यावर बसले नाही, रिक्षात ते सांगत त्या बाजूला बसले. अप्पांचा आवाज हळूहळू परत आला. मला वाटलं, यातून त्यांना बरं वाटतंय, तर माझं काय जातंय. चौथ्या महिन्याची सोनोग्राफी नीट झाली, तेव्हा ते आत्यांशी फोनवर बोलत होते. "यावेळी सगळं काटेकोर पाळलं ना तिने, म्हणून नीट चाललंय. मागच्या वेळी माझ्या हातून झालं ते झालं."

तेव्हा मला कळलं की मी काय करून बसले होते. मी जेवढी आज्ञाधारक, तेवढे ते अपराधी. मी न खाल्लेली पपईची प्रत्येक फोड त्यांच्याविरुद्ध साक्ष देत होती. मूल सुखरूप झालं असतं तर त्यांच्या लेखी गुन्हा कायमचा शाबित झाला असता, आणि आनंदाने शाबित झाला असता, म्हणजे त्यावर पुन्हा कोणी बोललंही नसतं.

मी डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, "ताज्या असू देत, नीट शिजवा आणि बेताने खा. काही होत नाही." पाचवा लागल्यावर एका सकाळी मी अप्पांना म्हणाले, "मला चिंबोऱ्या खाव्याशा वाटतायत."

"दुसरं काहीही माग," ते म्हणाले.

"डोहाळे लागलेत, अप्पा. मागून लागतात का?"

डोहाळे पुरवलेच पाहिजेत, हा सासूबाईंच्या शिकवणीतला पहिल्या नंबरचा नियम होता. पुरवले नाहीत तर मूल जन्मभर लाळ गाळतं. स्नेहाला भर दुपारी दिवा गावातून कोणाच्या तरी घरचं कैरीचं लोणचं आणून देणारे हेच गृहस्थ. एका नियमाने हो म्हणायचं, दुसऱ्याने नाही, आणि दोन्ही तिचे. खरं सांगायचं तर मला तेव्हा फक्त दहीभात खावासा वाटत होता.

प्रशांत माझ्यावर चिडला. "आणि काही झालं तर? तू तरशील. ते तरतील का?" त्याचं म्हणणं बरोबर होतं. आज मागे वळून बघताना मला माझा तो हट्ट वेडेपणाच वाटतो. अशा गोष्टी कधीही, कोणालाही, काहीही न खाता होतात, आणि त्या आठवड्यात झाली असती तर अप्पा संपले असते. पण न करूनही ते थोडे थोडे संपतच होते.

तिसऱ्या दिवशी अप्पा एकटेच डॉक्टरांकडे जाऊन आले, हे मला नंतर डॉक्टरांकडून कळलं. रविवारी सकाळी ते पिशवी घेऊन बाजारात गेले. परत आल्यावर स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. नेहमीपेक्षा दुप्पट वेळ रस्सा उकळत राहिला. मग त्यांनी वाटी आणली आणि ती टेबलावर न ठेवता तशीच हातात धरून उभे राहिले. मी हात पुढे केला. त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि समोर खुर्ची ओढून बसले. प्रशांत उठून गॅलरीत गेला. मी यातलं काही मानत नव्हते, तरी पहिला घोट घेताना माझा दुसरा हात आपोआप पोटावर गेला, आणि अप्पांनी ते पाहिलं. मला भीती वाटली होती, आणि ती त्यांना कळली. मी थांबले नाही. वाटी रिकामी केली.

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. रोज सकाळी अप्पा माझ्या खोलीच्या दाराशी येऊन विचारत, "बरं आहे ना?" मी बरं आहे म्हटलं की जात. आठवडा गेला, महिना गेला, तरी विचारणं थांबलं नाही. बाळ पोटात लाथ मारू लागलं तेव्हा मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "मारू दे. जोरात मारू दे."

मुलगी झाली ठाण्यातच. आत्या आल्या, माझी आई कल्याणहून आली, नाक कोणाचं आणि रंग कोणाचा यावर दोघींचं सुरू झालं. अप्पा सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून उभे होते. आत्यांनी दोनदा म्हटलं, "दादा, घे की नातीला." त्यांनी घेतलं नाही. डबा आणायला, फोन करायला एकेक जण बाहेर गेले आणि खोलीत आम्ही दोघंच उरलो, आणि ती.

अप्पांना जाऊन आता दोन वर्षं होतील. त्यांची आठवण निघाली की सोसायटीतल्या बायका कपडे वाळत घालण्याची गोष्ट सांगतात आणि हसतात. मीही हसते. मला आठवतात ते त्या खोलीतले अप्पा. ते पलंगापाशी आले, पाळण्यात वाकून पोरीकडे कितीतरी वेळ बघत राहिले आणि माझ्याकडे न बघता, अगदी हळू म्हणाले, "म्हणजे तेव्हाचं माझ्यामुळे नव्हतं."

"नव्हतं, अप्पा," मी म्हणाले.